बाळाच्या रिपोर्टमधला सीडी४ कसा वाचायचा?

"डॉक्टर, सीडी४ नऊशे आलाय. चांगला आहे ना?" एचआयव्ही असलेल्या बाळाचे आईवडील असं विचारतात. रिपोर्ट मोठ्या माणसाचा असता, तर मी हो म्हटलं असतं. बाळ आठ महिन्यांचं असेल, तर हा आकडा कमी आहे. हा फरक कळायला आम्हा डॉक्टरांनाही बरीच वर्षं लागली.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. ती निरुपयोगी आहे, असंच पूर्वी समजत. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी घटल्या आणि पुष्कळ उंदीर दगावले. मोठ्या उंदरांना मात्र लगेच काही झालं नाही. सीडी४ पेशी याच ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात, हे पुढे समजलं. तान्हेपणी ती जोरात काम करते, म्हणून निरोगी बाळाचा सीडी४ दोन-तीन हजारांच्या घरात असतो. पाच-सहा वर्षांपर्यंत तो उतरत मोठ्यांइतका होतो.

१९८२ च्या डिसेंबरात अमेरिकेत लहान मुलांमधल्या या आजाराची पहिली नोंद झाली. मोठ्यांमध्ये न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाची भीती सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर. बाळांना तो हजारच्या वर आकडा असतानाही गाठायचा, तोही तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. १९९१ मध्ये तिथे एक वर्षाखालच्या बाळांसाठी १५०० ही मर्यादा ठरली. तीही अपुरी पडली! १९९५ पासून सल्ला बदलला: आईला एचआयव्ही असेल तर आकडा न बघता बाळाला चार ते सहा आठवड्यांपासून को-ट्रायमॉक्साझोल द्या.

एचआयव्हीची औषधं मात्र अजून सीडी४ घसरण्याची वाट पाहत. दक्षिण आफ्रिकेत सहा ते बारा आठवड्यांची, सीडी४ चांगला असलेली बाळं घेऊन हे तपासलं गेलं. लगेच औषध दिलेल्या २५२ पैकी १० दगावली. थांबलेल्या १२५ पैकी २०. हे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालच्या प्रत्येक बाधित बाळाला लगेच औषध द्यायला सांगितलं.

लवकर औषध मिळालं की थायमस नव्या पेशी बनवत राहते. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये ही भरपाई जास्त चांगली होते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये सीडी४ ची टक्केवारीही बघा. नुसती संख्या वयानुसार बदलते. पण आठ महिन्यांच्या त्या बाळाची औषधं आता कुठल्याच आकड्यासाठी थांबवत नाहीत.