लिंबूवर्गीय बागांतील मुंगीनियंत्रण : आमिष पद्धत

मुंग्यांना आवडणाऱ्या खाद्यात सावकाश परिणाम करणारे कीटकनाशक अत्यल्प प्रमाणात मिसळून ते त्यांच्याकरवीच वसाहतीत पोहोचवण्याची पद्धत. कॅलिफोर्नियातील संत्री-लिंबांच्या बागांत तिचा विशेष अभ्यास झाला आहे. तेथील प्रमुख उपद्रवी जाती म्हणजे अर्जेंटिनी मुंगी (लिनेपिथेमा ह्यूमाइल). दक्षिण अमेरिकेतील पाराना नदीच्या खोऱ्यातील ही मुंगी १८९१ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथे आढळली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅलिफोर्नियात पोहोचली.

उपद्रवाचे स्वरूप : ही मुंगी झाडाला थेट फारशी इजा करत नाही. मावा, पिठ्या ढेकूण, मऊ खवले कीड आणि सिट्रस सायला हे कीटक झाडाचा रस शोषतात व गोड, चिकट द्रव बाहेर टाकतात. मुंग्या हा द्रव गोळा करतात आणि त्या बदल्यात ढालकिडे व परोपजीवी गांधीलमाश्या यांना हुसकावून या किडींचे रक्षण करतात. त्यामुळे जैविक नियंत्रण कोलमडते. सायला हा कीटक ग्रीनिंग या असाध्य जिवाणुजन्य रोगाचा वाहक असल्याने हे नुकसान अधिक गंभीर ठरते. चिकट द्रवावर काळी बुरशीही वाढते. विदर्भात संत्र्यावर काळ्या माशीमुळे येणारी ‘कोळशी’ याच प्रकारची असते.

तत्त्व : खोडाभोवती फवारणी केल्यास बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्याच मरतात, जमिनीतील राण्या व अळ्या सुरक्षित राहतात. अर्जेंटिनी मुंगीच्या वसाहतीत अनेक राण्या असल्याने संख्या लवकरच पूर्ववत होते. कामकरी मुंगी पोटात साठवलेले द्रवखाद्य तोंडातून तोंडात इतरांना भरवते. आमिष या सवयीचा उपयोग करून घेते. विष तीव्र असेल तर मुंगी वाटेतच मरते किंवा खाद्य नाकारते. म्हणून ते सौम्य ठेवावे लागते. २५ टक्के साखरेच्या पाण्यात बोरिक आम्ल ०.५ ते १ टक्का, किंवा थायमेथोक्झाम केवळ ०.०००१ टक्के, म्हणजे दशलक्ष भागांत एक भाग, वापरतात.

वापर : प्रथम खोडावरील रांगा पाहतात. वर चढणाऱ्या मुंगीचे पोट सडपातळ असते, तर उतरणाऱ्या मुंगीचे द्रवाने तट्ट फुगून अर्धपारदर्शक दिसते. तशा मुंग्या दिसल्या की झाडावर चिकट द्रव सोडणाऱ्या किडी आहेत हे कळते. झाडावर हा द्रव मुबलक झाला की आमिषाचे आकर्षण घटते, म्हणून वसंताच्या सुरुवातीलाच ते ठेवणे श्रेयस्कर. द्रव आमिष विशिष्ट बंदिस्त पात्रांतून देतात. मात्र मोठ्या बागेत पात्रे धुणे व पुन्हा भरणे खर्चिक पडते. त्यावर रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचे मणी वापरून पाहण्यात आले. गोड विषद्रावण शोषलेले हे ओलसर मणी झाडाच्या बुंध्याशी टाकतात; मुंग्या त्यांच्या पृष्ठभागावरून द्रव पितात आणि उरलेला भाग मातीत कुजून जातो. मणी लवकर सुकत असल्याने ठिबक नळीजवळच्या दमट जागी ते अधिक उपयोगी पडतात.

जातीनुसार फरक : आमिष निवडण्यापूर्वी मुंगीची ओळख पटवणे आवश्यक असते. कोवळ्या झाडांची साल कुरतडणारी दक्षिणी आगमुंगी (सोलेनोप्सिस झायलोनी) तेल व प्रथिनांकडे ओढली जाते. तिच्यासाठी सोयाबीन तेलात भिजवलेले मक्याचे दाणेदार आमिष वापरतात. अर्जेंटिनी मुंगीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय प्रत्येक मुंगी उपद्रवी नसते : चीनमध्ये विणकर मुंग्यांची घरटी लिंबूवर्गीय झाडांवर लावून किडी आटोक्यात ठेवण्याची प्रथा फार जुनी आहे.

मर्यादा : आमिषाचा परिणाम दिसण्यास दिवस किंवा आठवडे लागतात, आणि शेजारच्या बागेतून मुंग्या पुन्हा शिरू शकतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटून खोडाला चिकट पट्टा बांधल्यास झाडावर चढण्याची वाट बंद होते. पट्ट्याखाली कागद किंवा कापड गुंडाळून सालीला इजा होण्याचे टाळतात. आमिषाच्या जागी इतर कीटकनाशक फवारल्यास मुंग्या तिकडे फिरकत नाहीत, म्हणून दोन्ही उपाय एकाच ठिकाणी योजत नाहीत.