ग्रंथपाल हार्नाक

धर्ममतांचा इतिहास शोधणें म्हणजे धर्मावर घाला घालणें नव्हे, हें ज्या पंडितानें जर्मनींत हयातभर सांगितलें, त्या आडोल्फ हार्नाकच्या चरित्रांत एक प्रसंग असा आहे कीं, तो वाचतांना मन खिन्न होतें.

हार्नाकचा जन्म १८५१ सालीं डोर्पाट येथें एका ल्यूथरपंथी प्राध्यापकाच्या घरीं झाला. हें शहर तेव्हां रशियन साम्राज्यांत होतें. आज तें एस्टोनियांतील टार्टू म्हणून ओळखलें जातें. १८८६ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या त्याच्या त्रिखंडात्मक इतिहासग्रंथाचा निष्कर्ष असा कीं, ख्रिस्ती सिद्धान्तांची इमारत येशूच्या उपदेशाच्या भूमीवर ग्रीक बुद्धीनें उभारलेली आहे. सनातनी मंडळी खवळली. १८८८ मध्यें बर्लिन विद्यापीठांतील त्याच्या नेमणुकीस चर्चच्या वरिष्ठ मंडळानें हरकत घेतली. ती बाजूस सारून कैसर दुसरा विल्यम यानें नेमणुकीवर शिक्कामोर्तब केलें. १८९९-१९०० च्या हिवाळ्यांत ख्रिस्ती धर्माच्या स्वरूपावर त्यानें दिलेलीं सोळा व्याख्यानें ऐकण्यास सर्व शाखांचे विद्यार्थी लोटले.

१९०५ सालीं, अध्यापन न सोडतां, तो बर्लिनच्या राजग्रंथालयाचा मुख्य संचालक झाला आणि १९२१ पर्यंत त्या पदावर राहिला. मार्च १९१४ मध्यें ग्रंथालयाच्या नव्या भव्य इमारतीचें उद्घाटन झालें. त्याच उन्हाळ्यांत युद्ध पेटलें, आणि ऑगस्टअखेर जर्मन सैन्यानें बेल्जियममधील लूव्हेन शहरास आग लावली. तेथील विद्यापीठाचें ग्रंथालय, दोन लाखांहून अधिक ग्रंथ आणि दुर्मिळ हस्तलिखितें यांसह, भस्मसात् झालें.

ऑक्टोबरांत ९३ जर्मन विद्वानांचें एक जाहीर पत्रक निघालें. लूव्हेनमध्यें आपल्या सैन्यानें क्रूरपणा केला हें खोटें, असें त्यांत ठासून सांगितलें होतें. खालीं हार्नाकचेंही नांव होतें! प्रत्येक जुन्या लेखाची कसून छाननी करणाऱ्या, शिवाय स्वतः ग्रंथपाल असलेल्या ह्या पुरुषानें आपल्या सरकारच्या शब्दाची मात्र छाननी केली नाहीं. त्याचा शिष्य कार्ल बार्थ यानें पत्रकाखालचीं नांवें पाहिलीं, आणि गुरुजनांच्या धर्मशास्त्रावरील त्याचा विश्वास उडाला. १९२३ मध्यें गुरुशिष्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला. पण दुरावा मिटला नाहीं.

युद्धानंतर हार्नाकनें लोकसत्ताक राज्याचा स्वीकार केला. १९३० सालीं त्याचें निधन झालें. एका सहीमुळें त्याचें संशोधन खोटें ठरत नाहीं. परंतु चर्चच्या रोषाला न भिणारा हा पंडित, ज्या राजानें त्याला आधार दिला त्याच्या बाजूस उभें राहतांना आपली चिकित्सा विसरला. विद्वत्तेला विरोधकांपेक्षां आश्रयदात्यांपासूनच अधिक जपावें लागतें.