तिलिस्मची लौह आणि गोव्यातला गेम

मे महिन्यातली दुपार. नागपूरचं ऊन, कूलरची घरघर, आणि माझा अकरावीतला मुलगा लॅपटॉपसमोर. त्याच्या पडद्यावर मात्र धो धो पाऊस पडत होता. एक डिटेक्टिव्ह छोट्याशा गावात सावकाश चालत होता, लोकांशी बोलत होता, परत चालत होता. दहा मिनिटं मी मागे उभा राहून पाहिलं आणि विचारलं, यात करायचं काय? तो म्हणाला, "अब्बू, चलना है, और बात करनी है।" मी म्हणालो, मग हा कसला गेम! सरळ वेळेची नासाडी आहे.

नंतर कळलं की माझं मत काही वेगळं नव्हतं. त्या गेमचं नाव 'रेनस्वेप्ट'. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेला, गोव्यात राहून काम करणाऱ्या अरमान संधू यांच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा. ख्रिस आणि डायन हे जोडपं मृतावस्थेत सापडतं. त्यानेच तिला मारलं आणि मग स्वतःला संपवलं, असा गावाचा निकाल आधीच लागलेला. बाहेरून आलेला मायकेल स्टोन तपास करू लागतो आणि मधूनमधून त्या दोघांचा भूतकाळ आपल्यासमोर उलगडतो. कथा आणि संगीत समीक्षकांना आवडलं. तक्रारी होत्या त्या वेगळ्या: हालचाली अवघडलेल्या, चालणं संथ, कोडी अगदीच सोपी, खेळणाऱ्याच्या हाताला फारसं काम नाही. म्हणजे माझंच म्हणणं, जरा सभ्य शब्दांत.

पण रात्री झोपताना मला दादीची आठवण आली. मोमीनपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर, लाइट गेलेली असताना, ती हातिमताईचे सात सवाल सांगायची. तिथेही आम्हा मुलांच्या हाताला काय काम होतं? "हूं" म्हणायचं, एवढंच. "हूं" थांबलं की दादी थांबायची.

उर्दूत हातिमताईचा हा किस्सा ज्या पुस्तकाने घरोघरी नेला ते हैदर बख्श हैदरी यांचं 'आराइश-ए-महफिल', कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तयार झालेलं. आणि याच पुस्तकाला उर्दू कादंबरीत जाळलं गेलंय, हे मी बी.एड. झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी, मुलांना शिकवताना लक्षपूर्वक वाचलं. डेप्युटी नजीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' ही १८७० च्या दशकातली. कॉलऱ्यातून वाचलेला नसूह घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम ऐकत नाही, घर सोडून जातो, आणि बाप त्याच्या कपाटातली पुस्तकं पेटवून देतो. त्या होळीत 'फसाना-ए-अजायब' आहे, गुलबकावलीचा किस्सा आहे, मीर हसनची मसनवी आहे आणि 'आराइश-ए-महफिल'ही आहे. नजीर अहमद मोठा लेखक, त्यात वाद नाही. पण त्या पानावर माझं मन नेहमी कलीमच्या बाजूने जातं.

जातं म्हणालो खरं, पण वागलो कसा? नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत मी मागच्या बाकावरच्या मुलाकडून इब्ने सफीची जासूसी कादंबरी काढून घेतली आणि स्टाफरूमच्या कपाटात टाकली. ती परत द्यायची राहिली. मुलगा दहावी होऊन गेला. जाळली नाही, एवढाच फरक.

हे फक्त उर्दूतच घडत होतं असं कुणी समजू नये. त्याच काळात मराठीतही हातिमताई, गुलबकावली छापून वाचले जात होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा विद्वान 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणत होता. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, ना. स. रिसबूडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. या अद्भुत कादंबऱ्यांवर १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहून असंभाव्यतेबद्दल बोट ठेवलं. दिल्लीचे नजीर अहमद आणि आपले मराठे यांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नाही, पण घाव एकाच झाडावर पडत होता. कुऱ्हाडी मात्र दोन जातींच्या: एक नीतीची, दुसरी वास्तवाची.

रिसबूडांनी आपली बाजू 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेतच मांडून ठेवली होती. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात, लग्न वगैरेच्या रिवाजांमुळे, रंजक असं काही घडतच नाही; मग लेखकाला अद्भुताकडे वळावं लागतं. हे वाक्य मला फार प्रामाणिक वाटतं आणि फार दुःखदही. गोव्यात बसून अमेरिकन वाटावं असं पाइनव्ह्यू नावाचं गाव रचणाऱ्या 'रेनस्वेप्ट'कडे पाहताना तेच आठवलं. आपल्याकडे काय पाऊस पडत नाही? पण पहिलं पाऊल बहुतेक जण दूरच्याच गावात टाकतात.

आता तिलिस्मकडे. माझ्या वयाच्या लोकांना हा शब्द १९९४ मध्ये दूरदर्शनवरच्या 'चंद्रकांता'ने शिकवला. रविवारी सकाळी मोहल्ल्यातली गल्ली ओस पडायची. देवकीनंदन खत्रींची ही हिंदी कादंबरी ज्या मातीतली, ती माती उर्दू दास्तानीची. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने दास्तान-ए-अमीर हमजाचे ४६ खंड काढले. त्यातला 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८३ पासून येऊ लागला, आधी मुहम्मद हुसैन जाह यांच्या लेखणीतून आणि मग अहमद हुसैन क़मर यांच्या. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेली अख्खी दुनिया. दार, विहीर, पुतळा, पक्षी, प्रत्येकात काहीतरी दडलेलं. ती तोडायला लौह लागते, म्हणजे पाटी. पुढे काय करायचं ते पाटीवर उमटतं. नायकाने पाटी न पाहता पाऊल टाकलं की तो अडकला.

पॉइंट-अँड-क्लिक गेमची रचना याहून फार निराळी नाही. चित्रातल्या वस्तूंवर माउसने टिचकी मारायची, सापडलेली वस्तू झोळीत टाकायची (अमर अय्यारच्या जंबीलमध्ये तर अख्खी शहरं मावतात), आणि योग्य जागी वापरायची. फरक एकच, इथे लौह नसते. त्यामुळे भांडण सुरू होतं. १९८९ मध्ये रॉन गिल्बर्ट या अमेरिकन गेमकाराने आपल्याच प्रकारच्या गेमांवर सडकून टीका करणारा लेख लिहिला: खेळणाऱ्याला उगाच मारू नका, पुढचं माहीत असल्याशिवाय सुटणार नाही असं कोडं घालू नका. पुढच्या वर्षी त्याने 'मंकी आयलंड' काढून ते करून दाखवलं. सगळ्यांनी ऐकलं नाही. १९९९ च्या 'गॅब्रिएल नाइट ३'मध्ये नायकाला मित्राचं सोंग घेण्यासाठी मांजराच्या केसांची मिशी करावी लागते. गंमत म्हणजे त्या मित्राला मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनाने मिशी काढायची! एरिक वोल्पॉ या समीक्षकाने २००० मध्ये याच कोड्यावरून निष्कर्ष काढला की या गेमांचा खून झालेला नाही, त्यांनी आत्महत्या केली.

म्हणजे कोडी अवघड ठेवली तर वेडपट, सोपी केली तर गेमच नाही.

दास्तानीचंही असंच झालं होतं. शम्सुर्रहमान फारुकींनी आयुष्याची कितीतरी वर्षं हे सांगण्यात घालवली की दास्तान ऐकवण्यासाठी असते आणि तुम्ही तिला कादंबरीच्या मापाने मोजताय. पात्रांचा विकास कुठे, कथानकाची बांधणी कुठे, असं विचारून मोकळे होताय. हे माप हटेपर्यंत फार उशीर झाला. दिल्लीचे मीर बाक़र अली १९२८ मध्ये वारले आणि दास्तानगोईची जुनी साखळी तुटली. २००५ मध्ये फारुकी आणि महमूद फारूकी यांनी ती पुन्हा रंगमंचावर आणली, पण मधली पंचाहत्तर वर्षं कोण भरून देणार?

म्हणून 'रेनस्वेप्ट'ची संथ चाल मला आता दोष वाटत नाही. अडखळणाऱ्या हालचाली दोषच, तिथे समीक्षकांशी वाद नाही. पण चालण्याच्या त्या वेळात मी ख्रिसबद्दल गावाने दिलेला निकाल मनात उलटापालटा करत होतो. होय, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मीही खेळलो. मुलाने शेजारी बसून दोन ठिकाणी मदत केली, एका ठिकाणी हसला.

संधूंचा पुढचा गेम 'फरगॉटन फील्ड्स', एप्रिल २०२१ चा. यात लेखणी अडलेला सिड नावाचा लेखक लहानपणीच्या घरातल्या शेवटच्या मेळाव्याला जातो. परिसर गोव्याच्या किनाऱ्यासारखा. एका बाजूला त्याचा तो दिवस आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या डोक्यातली जादूची गोष्ट, दोन्ही आपण खेळायची. रिसबूडांना दाखवायला हवा होता: घर, अंगण, जुने मित्र, आणि अद्भुतही त्यातच. यावरही संथपणाचा आरोप झालाच.

मोमीनपुऱ्यातलं आमचं घर चुलत्यांच्या वाटण्यांत विकलं गेलं. तिथे आता तीन मजली इमारत आहे. सिडचा गेम चालू असताना मुलाने विचारलं, दादीअम्मी गोष्ट सांगायची ती गच्ची कुठल्या बाजूला होती? मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढला. जिना कुठून चढायचा, यावर माझं आणि माझ्या बहिणीचं फोनवर अर्धा तास भांडण झालं. ती म्हणते डावीकडून. मला अजूनही उजवीकडूनच आठवतो.