पान म्हणजे पाव

जपानी भाषेच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात पहिल्या काही पाठांतच खाद्यपेयांची एक सूची येते. गोहान म्हणजे भात, मिझु म्हणजे पाणी, ओचा म्हणजे चहा, पान म्हणजे ब्रेड. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांतील अनेक मराठी विद्यार्थी ही सूची इंग्रजीच्या आधाराने पाठ करतात आणि परीक्षाही उत्तीर्ण होतात. त्यात गैर काही नाही. परंतु भाषेतील ज्या शब्दांवर इतिहासाची पुटे सर्वांत दाट चढलेली असतात, तेच शब्द येथे सर्वांत निर्जीव होऊन समोर येतात, याची खंत वाटते.

'गोहान'च घ्या. यातील 'गो' हा आदरार्थी उपसर्ग आहे आणि 'हान' हा चिनीतून आलेला उच्चार. त्याच चित्राक्षराचा देशी उच्चार 'मेशी', आणि तो आज काहीसा रांगडा, पुरुषी समजला जातो. म्हणजे 'भात' हा साधा अर्थ पाठ करताना विद्यार्थी नकळत एक सामाजिक पायरी चढून बसलेला असतो. पुढे पाश्चात्त्य धाटणीची उपाहारगृहे आली आणि तोच भात वाडग्याऐवजी पसरट बशीत पडताच 'राइसु' झाला. पदार्थ एकच, भांडे बदलले, तसे नाव बदलले. 'राइसप्लेट' मागवणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

या पायऱ्या घडवण्यात मोठा वाटा स्त्रियांचा आहे. मुरोमाची काळात क्योतोच्या राजदरबारातील स्त्रियांनी आपापसांत वापरण्यासाठी एक बोली घडवली; तिला 'न्योबो कोतोबा' म्हणतात. 1420 च्या 'आमा नो मोकुझु' या ग्रंथात तिची नोंद सापडते. या बोलीतील शब्दांचा फार मोठा भाग स्वयंपाकघरातला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे. खाद्यवस्तूचे नाव उघड घेणे दरबारी स्त्रीला अप्रशस्त वाटे, म्हणून ती वस्तूच्या रंगावरून, स्पर्शावरून किंवा नावाच्या आद्याक्षरावरून बोले. पांढऱ्याशुभ्र तोफूला 'ओकाबे', म्हणजे भिंत. भातासोबतच्या कालवणांना 'ओकाझु'; 'काझु' म्हणजे संख्या, कारण ती अनेक असतात. पळीला म्हणतात 'शाकुशी'. तिचे पहिले अक्षर घेऊन त्यापुढे 'मोजी', म्हणजे 'अक्षर', हा शब्द जोडला, आणि भात वाढण्याचा चपटा डाव 'शामोजी' झाला. उपाहारगृहात आज थंड पाणी मागताना वापरला जाणारा 'ओहिया' हा शब्दही याच बोलीतला. आणि 'ओइशी'! जपानला आठवडाभर जाऊन आलेला पर्यटकसुद्धा रुचकर या अर्थाचा हा शब्द घेऊन परततो. जुन्या 'इशी' या विशेषणाला 'ओ' हा आदरार्थी उपसर्ग लावून तो दरबारी स्त्रियांच्या तोंडी रुळला. याच अर्थाचा 'उमाई' त्यामानाने मोकळाढाकळा राहिला. एका बंदिस्त स्त्रीवर्गाची संकोचाची बोली कालांतराने साऱ्या राष्ट्राची सभ्य भाषा झाली, हे भाषेच्या इतिहासात वारंवार घडणारे नव्हे.

संकोचाइतकाच निषेधही शब्द घडवतो. सम्राट तेम्मूने 675 साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षाच्या काही महिन्यांपुरती बंदी घातली. पुढे बौद्ध आचाराच्या प्रभावाने चतुष्पादांचे मांस एकंदरीतच निषिद्ध मानले जाऊ लागले. पण जीभ कोणाचे ऐकते? रानडुकराला 'यामाकुजिरा', म्हणजे डोंगरातला देवमासा, म्हटले की काम भागे. देवमासा मत्स्यवर्गात मोडत असल्याने खायला मोकळा होता. हिरोशिगेने 1858 मध्ये काढलेल्या बिकुनी पुलाच्या हिमचित्रात या नावाची दुकानाची पाटी ठसठशीत दिसते. भिक्षूंनी तर मद्याला 'हान्न्यातो' असे नाव दिले. 'हान्न्या' म्हणजे आपली 'प्रज्ञा', पालीतील 'पञ्ञा'. तेव्हा हा प्रज्ञेचा काढा! मद्याला 'तीर्थ' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना हे भिक्षू परके वाटणार नाहीत. असो. संस्कृतचा एवढाच धागा तेथे आहे असेही नाही. वाडग्याला जपानीत 'हाची' म्हणतात. तो भिक्षूच्या हातातील 'पात्र' या शब्दाचा चिनी लिप्यंतरातून आखूड होत गेलेला अवशेष आहे.

आता 'पान'कडे वळू. पोर्तुगीज 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर उतरले, पण त्यांच्या जपानी व्यवहाराचे ठाणे गोवा हे होते. आन्जिरो नावाच्या सात्सुमाच्या माणसाने 1548 मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतला, तेथील सेंट पॉल कॉलेजात शिक्षण घेतले, आणि त्यालाच सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला पोहोचला. पोर्तुगीज पावाचे नाव गोव्यात उतरून मराठी-कोंकणीत 'पाव' झाले आणि नागासाकीच्या बाजूला 'पान'. सोबत साखरेचे 'कोम्पेइतो' आणि 'कासुतेरा' हा केकही गेला. मग मराठी वर्गात 'पान म्हणजे ब्रेड' असे का शिकवायचे? सख्ख्या भावाची ओळख परक्या मध्यस्थाकडून करून देण्यासारखे आहे हे.

या मिशनऱ्यांनी 1603 मध्ये नागासाकीला जपानी-पोर्तुगीज कोश छापला; पुढील वर्षीच्या पुरवणीसह त्यात सुमारे 32,000 शब्द आहेत. शिकणाऱ्यासाठी केलेला हा कोश आजच्या पाठ्यपुस्तकापेक्षा एका बाबतीत पुढे होता. कोणता शब्द क्यूशूचा, कोणता ग्रांथिक, कोणता बौद्ध परिभाषेतला, कोणता हलका आणि कोणता स्त्रियांच्या तोंडचा, याच्या खुणा त्याने जागोजाग केल्या. याच पिढीत फादर स्टीफन्स गोव्यात मराठीचा असाच कसून अभ्यास करत होते. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले.

जपानमधून 1614 मध्ये मिशनऱ्यांची हकालपट्टी झाली आणि 1639 मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली. पाव जवळजवळ नाहीसा झाला. शब्द मात्र राहिला. सम्राट मेइजीने 1872 मध्ये गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, जुने निषेध सैलावले, आणि 1874 मध्ये तोक्योच्या गिन्झा भागातील किमुराया या दुकानाने लाल घेवड्यासारख्या आझुकीचे गोड पुरण भरून 'आनपान' बनवला. पीठ फुगवण्यासाठी त्यांनी साके गाळण्याचे विरजण वापरले. गोव्यातल्या पोदेरांनीही यीस्टअभावी माडाची सूर घालूनच पाव फुगवला होता. पुढच्याच वर्षी तो आनपान, वर खारवलेले चेरीचे फूल खोचून, सम्राटाच्या पानात वाढला गेला.