मोकळ्या रस्त्याची भूल

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि रस्ते ओस पडले. तुम्हालाही आठवत असेल, त्या दिवसांत जो तो म्हणायचा, 'या रोगाने एक तरी बरे केले, अपघात थांबले.' मीही हे अनेकांकडून ऐकले. ते कितपत खरे होते, हे आज आकड्यांवरून पाहता येते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,५१,११३ माणसे गेली आणि २०२० मध्ये १,३१,७१४. कित्येक आठवडे वाहतूक जवळजवळ बंद असूनही घट झाली ती एवढीच. शिवाय २०१९ मध्ये दर शंभर अपघातांमागे सुमारे ३४ माणसे दगावली होती, ती २०२० मध्ये ३६ झाली. अपघात घटले; पण जे झाले ते अधिक जीवघेणे ठरले. अमेरिकेत तर गाड्या कमी धावूनही ३८ हजारांवर माणसे गेली, आधीच्या वर्षापेक्षा जास्त.

कवी असल्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे जाते. 'रस्ता मोकळा आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा 'आता धोका नाही' हेही मनात गृहीत धरतो. मग वेग आपोआप वाढतो. त्यातून तेव्हाची सगळी भीती एकाच दिशेला होती. तोंडाला मास्क लावून, डोक्यावर हेल्मेट न घालता सुसाट जाणारे दुचाकीस्वार मी पाहत होतो.

हीच भूल रेल्वेच्या रुळांवरही पडली. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपले होते. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. मालगाड्या मात्र चालू होत्या. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्या देशाने छायाचित्रांत पाहिल्या. त्यांना दोष कसा द्यावा? घरी जायला त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. भरधाव गाडी हाकणाऱ्याला मात्र वेग कमी करता येत होता.

२०२१ मध्ये, साथीची दुसरी लाट येऊनही, रस्त्यांवरच्या मृतांची संख्या १,५३,९७२ झाली, म्हणजे २०१९ च्याही पुढे गेली. साथीत किती गेले, हे आपण रोज संध्याकाळी विचारत होतो. २०२० मध्ये रस्त्यांवर दिवसाला सरासरी ३६० माणसे मरत होती. त्यांची चौकशी कुणी केली नाही.