पंचाहत्तर रुपये आणि तीन हजारांची पॉलिसी

सामाजिक संस्थेत पगारवाढीचा विषय निघाला की विश्वस्तांपैकी कोणीतरी टिळक-आगरकरांचा दाखला देतोच. सरकारी नोकरीवर पाणी सोडून त्या माणसांनी पंचाहत्तर रुपयांत संसार केले, मग तुम्हाला काय कमी पडते, असा त्याचा रोख असतो. दाखला खरा आहे, पण अर्धाच सांगितलेला. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला महिना ७५ रुपये मिळत हे खरे. पण त्या ७५ रुपयांबरोबर ३००० रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसी होती, वीस वर्षांच्या सेवेची ठरलेली मुदत होती, पुढे पेन्शनची सोय झाली आणि संस्थेच्या कारभारात प्रत्येक सदस्याला मत होते. थोडा पगार हे त्या कराराचे एक कलम होते. नंतरच्या शंभर वर्षांत आपल्या संस्थांनी तेवढे एक कलम मनोभावे जपले आणि बाकीची बहुतेक गाळून टाकली, असे माझे म्हणणे आहे. आज संस्थांमध्ये चांगली माणसे टिकत नाहीत, अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ मला या गाळलेल्या कलमांत दिसते.

न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले जानेवारी १८८० मध्ये. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आले होते, टिळक नुकतेच वकिलीची परीक्षा पास झाले होते. पहिल्या वर्षी दोघांनी पगार घेतला नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती अशी की बिनपगारी व्यवस्था कायमची चालवावी असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटले नव्हते. शाळेचा जम बसताच त्यांनी पगार ठरवले आणि २४ ऑक्टोबर १८८४ रोजी सोसायटी स्थापन करून जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडले, तेव्हा आजीव सदस्यांच्या सेवेच्या अटी लिहून काढल्या. ख्रिस्ती जेझुइट पाद्र्यांच्या शिस्तीचा आदर्श त्यांच्यापुढे होता, पण एक फरक होता. जेझुइटांना बायकापोरे नसतात, यांना होती. विम्याचे कलम या फरकातून आले. ते शोभेचे नव्हते, हे लवकरच कळले. चिपळूणकर सोसायटी स्थापन होण्याआधीच, १८८२ मध्ये, बत्तिशी गाठण्यापूर्वी गेले. प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या जागी आलेले आगरकर जून १८९५ मध्ये गेले तेव्हा त्यांना एकोणचाळिसावे वर्ष पुरे झाले नव्हते. पुढच्या वर्षी माधवराव नामजोशी गेले. आपल्या अंत्यविधीच्या खर्चासाठी आगरकरांनी थोडे रुपये पुडीत बांधून जवळ ठेवले होते, ही हकीकत त्यागाची म्हणून सांगतात. तीच हकीकत पगाराच्या अंगाने वाचली तर दिसते ते असे: दम्याने खंगलेला, कॉलेजचा प्राचार्य असलेला माणूस मरणाचा हिशोबसुद्धा स्वतःच मांडून ठेवतो, कारण महिन्याच्या मिळकतीत शिल्लक नावाचा प्रकार नाही. विम्याशिवाय असा पगार देणे म्हणजे माणसाच्या त्यागाचे बिल त्याच्या विधवेच्या नावावर फाडणे झाले असते.

सोसायटीत सगळे आलबेल होते असे मात्र नाही. टिळक-आगरकर वादाची आठवण आपण सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या प्रश्नावरून ठेवतो, आणि तो प्रश्न खराच होता. पण संस्थेच्या आत भांडण पेटले ते बऱ्याच अंशी पगार आणि वेळ यांवरून. १८८७ च्या सुमारास पगारात महिना पाच रुपये वाढ करावी असे निघाले, तेव्हा टिळकांचा त्याला विरोध होता. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेर कमाई करू नये, केलीच तर ती संस्थेत जमा करावी, असे त्यांचे म्हणणे. इकडे आपटे कोश आणि पाठ्यपुस्तके लिहीत होते, आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. याच शेवटच्या निमित्ताने टिळकांनी राजीनामा दिला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात आपली बाजू मांडणारे भले मोठे पत्र लिहिले. ते पत्र आजच्या एखाद्या कार्यकारी संचालकाने वाचावे. कामाचे तास, बाहेरचे उत्पन्न, सारखेपणा, नियमाला मुरड घालणाऱ्यांचे काय करायचे, हे सगळे त्यात आहे. तत्त्वाला धरून पाहिले तर टिळकांची बाजू भक्कम होती. व्यवहारात त्यांची अडचण अशी की एकच नियम सगळ्यांवर सारखा बसत नाही. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरत, अंगावरचा सदरा रात्री धुऊन सकाळी घालत शिकलेल्या आगरकरांना पाच रुपयांची वाढ जेवढी होती, तेवढी ती प्रत्येकाला नव्हती. गरज मोजायची कशी आणि समता राखायची कशी, याचे उत्तर त्या करारात नव्हते, आणि लेखी उत्तर नसले की त्याची जागा माणसामाणसांतली कटुता घेते. बाहेर पडल्यावर टिळकांनी कायद्याचे खासगी वर्ग चालवले, लातूरला सरकीच्या कारखान्यात भागीदारी केली. पोटाची सोय झाल्याशिवाय सार्वजनिक काम होत नाही, हे त्यांनी कृतीतून मान्य केले होते.

टिळक गेल्यावर गणिताची जागा रिकामी झाली आणि गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे मुंबईहून आले, पुढे आजीव सदस्य झाले. त्यांनी फर्ग्युसनमध्ये शिकवता शिकवताच १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला आणि कॉलेजचे तास संपवून पायी हिंगण्याला जात राहिले. १९१४ मध्ये ते कॉलेजातून पेन्शनवर निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी महिला विद्यापीठ उभे राहिले. टिळकांचा नियम अक्षरशः पाळला गेला असता तर हिंगणे झाले नसते. एका संस्थेच्या बेताच्या पण खात्रीच्या पगारावर दुसरी संस्था उभी राहिली, आणि सोसायटीने डोळेझाक केली असे म्हणा किंवा शहाणपण दाखवले असे म्हणा, तिने ते होऊ दिले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारात कितीतरी पट पगार मिळत असता १९०२ मध्ये याच अटींवर प्राचार्य झाले. थोड्या पगारावर हुशार माणसे येत नाहीत, हा नियम इथे लागू पडत नाही. पण ती कशावर आली ते पाहायला हवे. परांजप्यांना संस्थेचा अभ्यासक्रम, नेमणुका, पैसा या सगळ्यांत हात घालायचा अधिकार मिळत होता. सरकारी कॉलेजात युरोपियन प्राचार्याच्या हाताखाली तो कोणत्याही पगारावर मिळाला नसता.

गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज काढला तेव्हा याच साच्यात नवा माल ओतला. सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, संस्था जी तरतूद करील तीत समाधान मानायचे, अशी शपथ होती. पण कुटुंबाची तरतूद हाही त्या शपथेचाच भाग होता आणि आधी पाच वर्षे उमेदवारी होती. शपथ घेणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत आणि बदल्यात काय मिळते, हे ठाऊक असे. कर्व्यांच्या १९०८ च्या निष्काम कर्म मठात हा तोल वैराग्याकडे झुकला. रयत शिक्षण संस्थेत तर सगळा भार घरावर आला. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट ऐकताना डोळ्यांत पाणी येते आणि यावेही. पण संस्थेच्या ताळेबंदात ती देणगी कोणत्या रकान्यात लिहायची? आपल्या संस्थांच्या इतिहासात पगाराची तूट भरून काढणाऱ्या अशा बायका किती असतील याचा अंदाजच करावा लागेल. त्यांची नावे आजीव सदस्यांच्या यादीत नाहीत.

पुण्याबाहेर गेलेल्या मराठी माणसांनी ही परंपरा बरोबर नेली, पण सगळी नेली नाही. लखनौचे उदाहरण घ्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये तिथे संगीताचे मॅरिस कॉलेज सुरू केले, त्याला दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचा पाठिंबा होता, आणि नाव दिले गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे. १९२८ मध्ये मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे प्राचार्य झाले आणि जवळजवळ तीस वर्षे राहिले. या कॉलेजने एक मोठी गोष्ट केली. लखनौ घराण्याचे तबलानवाज आबिद हुसेन खाँ, सरोदिये सखावत हुसेन खाँ अशा दरबारी परंपरेतल्या उस्तादांना त्याने शिकवण्याच्या कामावर घेतले. मर्जीवर मिळणारी बिदागी आणि नजराणा यांच्याऐवजी महिन्याच्या महिन्याला पगार, ही कलावंताच्या आयुष्यातली लहान क्रांती होती. पण पुण्यात शिकवणारेच संस्थेचे चालक होते. लखनौत पाया तालुकदारांच्या आणि सरकारच्या पाठिंब्याचा होता आणि शिकवणारे नोकर होते. भातखंड्यांनी राग, थाट, क्रमिक पुस्तके यांची शिस्त लावली तशी सेवाशर्तींची शिस्त लावणारे आजीव सदस्यांचे मंडळ तिथे नव्हते. संस्था टिकली ती रातंजनकरांच्या चिवटपणावर, आणि १९६६ मध्ये ती राज्य सरकारने हाती घेतली. व्यवस्थेचे काम एका माणसाच्या निष्ठेवर सोपवले की त्याच्यानंतर सरकारचे दार ठोठवावे लागते.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात हे दार बहुतेक शिक्षणसंस्थांनी ठोठवले. पगार अनुदानातून येऊ लागले, १९७७ मध्ये खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि शिक्षकाला कायद्याचे संरक्षण मिळाले. संस्थाचालकांच्या मनातून मात्र पगाराचा प्रश्न हद्दपार झाला. तो आता तिजोरीचा प्रश्न होता. अनुदान आटले तेव्हा हाती राहिला तो जुना त्यागाचा दाखला. २००० साली सरकारनेच शिक्षण सेवक योजना आणली आणि प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे महिना ३००० रुपये मानधनावर ठेवले. ना विमा, ना मत. ग्रामविकास, आरोग्य, बालहक्क या क्षेत्रांतल्या नव्या संस्थांची तऱ्हा आणखी वेगळी. लखनौच्या महानगरात काय किंवा पुण्याच्या कर्वेनगरात काय, कार्यकर्त्याची नेमणूक देणगीदाराच्या प्रकल्पाएवढी लांब असते. प्रकल्प संपला की करार संपतो, आणि गावात पाच वर्षे मिळवलेला विश्वास घेऊन माणूस दुसऱ्या दारी जातो.

यावर पहिला आक्षेप देणगीदाराचा असतो: माझा पैसा गरिबांसाठी आहे, पगारासाठी नाही. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली, तिच्या मागेही हीच समजूत आहे. पण शाळा चालवणाऱ्या संस्थेत शिक्षक हा खर्च नसून तेच काम आहे, हे १८८४ च्या मंडळींना समजले होते. सर्वोच्च न्यायालयातही हा मुद्दा १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय प्रकरणात आला होता. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा मथितार्थ असा की मालकाचा परोपकार ज्याच्यासाठी आहे त्याच्यासाठी असो, राबणाऱ्याचा हक्क त्याने बुडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पगार वाढवले तर ध्येयाने येणारी माणसे जातील आणि पगारासाठी येणारी येतील, असे म्हणतात. परांजप्यांचे उदाहरण या आक्षेपाच्या बाजूने जाते असे वाटेल. मात्र सोसायटीच्या पहिल्या पिढीकडे पाहिले तर ती सगळी इंग्रजी शिकलेली ब्राह्मण पुरुषमंडळी आहे. थोडा पगार हा ध्येयाची चाळणी लावतो तशी घरच्या पाठबळाचीही लावतो, आणि त्या चाळणीतून कोण खाली पडते ते आपल्या गावीही नसते. त्याच सोसायटीत आजीव सदस्य नसलेले पगारी शिक्षक होते, शिपाई होते. मंडळाच्या बैठकीत त्यांना जागा नव्हती आणि त्यागाच्या कथेत त्यांचे पात्र नाही. दलित, भटक्या जमातींतला किंवा घर चालवणाऱ्या बाईच्या पोटचा मुलगा ध्येयाने आला तर त्याने किती दिवस उपाशी ध्येय पाळायचे, याचे उत्तर या आक्षेपाला देता येत नाही.

तिसरे म्हणणे असे की लहान संस्थेला एवढे परवडणारच नाही. पगाराचा आकडा नसेल परवडत. सोसायटीलाही परवडत नव्हताच, म्हणून तर ७५ वर थांबली. ज्या गोष्टींना पैसा कमी लागतो त्यांबाबत मात्र ही सबब चालत नाही: अटी लेखी असणे, सगळ्यांना एक मोजमाप, सेवेला मुदत, गटविमा, आणि काम करणाऱ्यांना निर्णयात जागा. यांतली शेवटची बाब विश्वस्तांना सर्वांत महाग पडते, कारण ती पैशात मोजता येत नाही. पैशात मोजता येणारे हक्कही सहज मिळत नाहीत: खासगी शाळांतल्या शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू करण्यासाठी १९९७ मध्ये अधिसूचना निघाली. शिक्षक हा कायद्याच्या व्याख्येतला कर्मचारी नव्हे, असा निकाल २००४ मध्ये लागला. संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला, आणि शाळाचालकांनी त्या दुरुस्तीलाही आव्हान दिले. ते फेटाळले गेले ऑगस्ट २०२२ मध्ये.