झेब्रामाशातील अवयव-पुनर्जनन व अधिजनुकीय नियंत्रण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदयविकाराच्या झटक्यात माणसाच्या हृदयाचे जे स्नायू मरतात, त्यांच्या जागी कायमचा व्रण राहतो. झेब्रामासा मात्र हा व्रण नाहीसा करून नवे स्नायू घडवितो. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी समरूप जनुके या माशात आढळतात. मग भेद कशात आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या शोधाचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये या माशाचे वर्णन केले. जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या १९८१ मधील अमेरिकेतील संशोधनामुळे तो आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्थिरावला. त्याच्या हृदयाच्या निलयाचा सुमारे २० टक्के भाग कापला तरी तो दोन महिन्यांत भरून येतो, हे केन पॉस व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले.

अधिजनुकीय यंत्रणा :
जनुकाची अक्षरे न बदलता त्याचे कार्य चालू वा बंद करणारी व्यवस्था म्हणजे अधिजनुकीय नियंत्रण. हिस्टोन-३ प्रथिनाच्या २७ व्या लायसिनवर तीन मिथाइल गट असले की तेथील जनुक सामान्यतः मूक राहते. हे गट काढणारे एक विकर रोखले असता पुच्छपराचे पुनर्जनन खुंटते, असे २००९ मधील प्रयोगात आढळले. पुढे २०१६ मध्ये, इजेनंतर जनुकांना चालना देणारे डीएनएचे विशिष्ट खंड या माशात सापडले. असा एक खंड उंदरात घातला असता तेथील जखमी ऊतींतही तो कार्यान्वित झाला. म्हणजे इजेचा संकेत ओळखण्याची क्षमता सस्तन प्राण्यांत सर्वस्वी लोपलेली नाही.

महाराष्ट्रातील कार्य :
पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेस १९९२ मध्ये संस्थापक शं. पु. आघारकर यांचे नाव देण्यात आले. तेथील चिन्मय पात्रा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये, इजेनंतर स्रवणारे एक प्रथिन झेब्रामाशाच्या हृदयाच्या पुनर्जननास साहाय्य करते, असे दाखविले. हे कार्य अधिजनुकीय नसून पेशींमधील संकेतांविषयीचे आहे. परंतु संकेत व जनुकांची चालना या एकाच प्रक्रियेच्या दोन पायऱ्या होत.

निष्कर्ष :
पुनर्जननाचा भेद केवळ जनुकांच्या असण्या-नसण्यात नसून ती केव्हा उघडतात, यातही आहे. मात्र पेशींची अनियंत्रित वाढ म्हणजेच कर्करोग. म्हणून जनुके उघडण्याइतकेच ती वेळेवर मिटणेही महत्त्वाचे ठरते. मानवी उपचारांचा मार्ग या दुहेरी कसोटीतूनच जाईल.